बाबागाडी विमानाने न्यायचीय? मग एवढं कराच

चिकलठाण्याच्या विमानतळावरून लेकराला घेऊन निघालात ना, मग बाबागाडीची काळजी बिलकुल करायची नाही, महागाची घेतलीय म्हणजे मोडणार थोडीच. आजीने दिलेली ज्वारी दुहेरी पोत्यात भरून सुतळीनं शिवा, शेंगदाण्याची चटणी तीन पिशव्यांत गुंडाळा, बाबागाडी मात्र उघडीच द्या. कव्हरला कशाला उगं पैसे? पुढची चाकं बटण दाबलं की निघतात, पण काढून बॅगेत टाकू नका, वरून लोकांच्या सुटकेसा पडतील तेव्हा मोडायला काहीतरी पाहिजेच की. कप होल्डर, खेळण्यांची दांडी, खालच्या जाळीतले डायपर अन् अर्धा बिस्किटपुडा सगळं तसंच ठेवा, लोडरदादा एकेक मोजून सांभाळतील.

घडी कशी घालायची हे घरी शिकायचं नसतं. ते सिक्युरिटीच्या रांगेत शिकायचं, लेकरू कडेवर रडतंय, बोर्डिंग पास दातात धरलाय, नवराबायको दोघं एकाच वेळी वेगवेगळी बटणं दाबतायत, मागचे काका म्हणतायत "आवरा की हो", आणि तेवढ्यात कळतं की लेकरू काढून गाडी एक्स-रे मशीनमधून जाते, म्हणजे जाळी पण रिकामी करा आता.

बऱ्याचदा विमानाच्या दारापर्यंत गाडी नेऊ देतात, टॅग लावून तिथं ताब्यात घेतात. ती परत दारात मिळणार का बेल्टवर, हे आधी विचारायचं नाही बरं का. उतरल्यावर झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून दारात ताटकळण्यात वेगळीच मजा आहे.

फोटोचं म्हणाल तर लेकराचे दोनशे काढा, गाडी देताना तिचा एकही नको. बेल्टवर चाक वाकडं झालेलं दिसलं तर मुकाट बाहेर पडा, काउंटरवर तक्रार लिहून पीआयआर, म्हणजे सामान मोडल्याच्या नोंदीचा कागद, घेत बसलात तर बाहेरचा कॅबवाला वेटिंग लावेल. मुंबईवरून दुबईला वगैरे जाणार असाल तर मॉन्ट्रियल करार असतो, १९९९ चा, भारत त्यात २००९ पासून आहे, त्यात लिहिलंय की सामान मोडलं तर हातात पडल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करा. आपण आठव्या दिवशी करू, काय घाई आहे, तोवर टॅग अन् बोर्डिंग पास कचऱ्याच्या घंटागाडीत गेला तर अजूनच छान. कस्टमर केअरवाली पोरगी गोड आवाजात पीआयआर नंबर विचारेल, तेव्हा लेकराच्या जन्मदाखल्याचा नंबर सांगून बघा, चालला तर आम्हाला पण कळवा.