गाडी लेफ्ट की हॅड लेफ्ट

लेकीचं वर्कशीट घेऊन बसलो हीच चूक झाली. सातवीचं इंग्लिश, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. वाक्य होतं, व्हेन आय डॅश द स्टेशन, द ट्रेन डॅश. मी म्हटलं रीच्ड आणि लेफ्ट, लिही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली, तेव्हापासून आम्ही गाड्या चुकवतोय, आम्हाला काय शिकवतेस!

"बाबा, लेफ्ट म्हणजे तू पोचलास आणि मग गाडी सुटली. हॅड लेफ्ट म्हणजे तू पोचायच्या आधीच गेलेली. वॉज लीव्हिंग म्हणजे सुटत होती."

म्हणजे पहिल्यात मी बावळट, दुसऱ्यात कमनशिबी आणि तिसऱ्यात दांडीला लटकलेला.

आपल्याकडे कसं, पोचताना, पोचल्यावर, पोचताच, पोचेपर्यंत, सगळं क्रियापदाच्या शेपटीलाच. तिकडे आधी व्हाइल, ॲज सून ॲज, बाय द टाइम असं इंजिन लावायचं आणि मग मागचे डबे पण त्याला जुळणारे हवेत, व्हाइलमागे बहुतेक वॉज वेटिंग, बाय द टाइम असलं की पुढच्या तुकड्यात हॅड. बिफोर आणि आफ्टर त्यातल्या त्यात गरीब, आधी काय झालं ते त्या शब्दातच कळतं म्हणून हॅड नसलं तरी चालवून घेतात. सगळ्यात डेंजर अनटिल. डोक्यात "जोपर्यंत गाडी आली नाही तोपर्यंत", म्हणून मी ऐटीत लिहिलं, अनटिल द ट्रेन डिड नॉट कम. लेकीने काही न बोलता डिड नॉट खोडलं, कमचं केम केलं आणि वर म्हणाली, "येईपर्यंत म्हण ना, मग कुठे नाही लागतं?" च्यायला, खरंच की.

दुसऱ्या दिवशी तीन हात नाक्याला रिक्षा अडकली आणि माझी ठाणे लोकल गेली. मी पोचलो तेव्हा प्लॅटफॉर्म रिकामा, फक्त वडापावचे कागद. तिथूनच सरांना मेल टाकला, व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट.

दोन मिनिटांत उत्तर. देन व्हाय डिडन्ट यू गेट इन?

मग हॅड कुठे घुसवायचं ते अंगठ्याने शोधत बसलो, आणि व्हाइल आय वॉज टायपिंग, द नेक्स्ट ट्रेन लेफ्ट. हे वाक्य बरोबर आहे, संध्याकाळी लेकीकडून तपासून घेतलं.