तळं उपसत का नाहीत?

नव्या पॅकमध्ये माझं चॅनेल नाही, हे मला रात्री साडेअकराला टीव्हीवरच्या निळ्या पाटीने सांगितलं. त्या वेळेला त्या चॅनेलवर जुने गूढ माहितीपट लावतात. बर्म्युडा ट्रँगल, हिममानव, स्कॉटलंडच्या तळ्यातला राक्षस, पेरूच्या वाळवंटातल्या रेघा. घर झोपलेलं असतं आणि मी आवाज अगदी बारीक करून तेच ते पुन्हा बघत असतो. पॅक बदला म्हणून मी कोणालाही सांगितलं नव्हतं. २०१९ साली 'ट्राय'ने, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, नवा नियम आणला, तेव्हा पेपरांतून केवढा गाजावाजा! आता ग्राहक राजा, हवं तेच चॅनेल घ्या, पहिल्या शंभर चॅनेलांचे १३० रुपये अधिक कर. राजाच्या वाट्याला सध्या भजनांची चॅनेलं, कार्टूनची चॅनेलं आणि चोवीस तास दागिने विकणाऱ्या एक बाई आल्या आहेत. राजाने फोन केला. "माणूस पाठवतो," म्हणाले.

माणूस म्हणजे चोवीस-पंचवीसचा पोरगा. कानात एक इअरफोन, दुसरा गळ्यात लोंबतोय. रविवारी दुपारी, नेमका माझा डोळा लागत असताना आला.

"काका, कुठलं गेलंय म्हणालात?"

मी चॅनेलचं नाव सांगितलं.

"ते? ते कोण बघतं?"

"मी बघतो."

त्याने सेट टॉप बॉक्स उलटा करून फुंकर मारली. "काय असतं त्याच्यावर?"

आता असं कोणी विचारलं की मला राहवत नाही. माझा आवाज आपोआप खर्जात जातो. मी म्हटलं, "स्कॉटलंडमध्ये एक तळं आहे. लॉख नेस. १९३३ सालापासून लोक सांगतायत की त्या काळ्या पाण्यात काहीतरी आहे. लांब मान, पाठीवर उंचवटे..."

"तळ्यातच आहे ना? बाहेर तर जात नाही?"

"नाही."

"मग तळं उपसत का नाहीत?"

सोफ्याच्या टोकाला बायको गवार निवडत होती. तिचे हात थांबले. एवढ्या वर्षांत मी नेसीबद्दल, म्हणजे त्या तळ्यातल्या राक्षसाबद्दल, बोलताना तिचे हात कधी थांबले नव्हते.

"अरे, उपसणार कसं?" मी म्हटलं. "सव्वादोनशे मीटरच्या वर खोल आहे. सदतीस किलोमीटर लांब. इंग्लंड आणि वेल्सच्या सगळ्या तळ्यांत मिळून नाही एवढं पाणी त्या एकात आहे."

"टप्प्याटप्प्याने उपसायचं. एकदम कोण सांगतंय? आमच्या गावात विहिरीत मांजर पडलं तर दोन पंप लावून रात्रीत तळ दाखवतात. आणि हे गोरे लोक चंद्रावर जाऊन आले म्हणता."

"बरोबर बोलतोय तो," बायको म्हणाली.

मी त्याला १९३४ चा तो प्रसिद्ध फोटो सांगितला. पाण्यातून वर आलेली मान आणि छोटंसं डोकं. लंडनच्या एका डॉक्टरांच्या नावावर 'डेली मेल'मध्ये छापून आला होता. पोरगा म्हणाला, "मग तो डॉक्टर काय म्हणतो?" इथे मी जरा घुटमळलो, कारण पुढची गोष्ट मला पाठ आहे. वेदरेल नावाच्या एका शिकाऱ्याला त्याच पेपरने राक्षसाच्या शोधाला धाडलं होतं. त्याला काठावर पावलांचे ठसे सापडले. लंडनच्या म्युझियमने ते तपासले आणि सांगितलं, हा तर पाणघोड्याचा वाळवलेला पाय. तेव्हाच्या साहेबांच्या घरात छत्र्या ठेवायचे स्टँड तसल्या पायांचे असत. शिकाऱ्याची गावभर फजिती झाली. मग त्याने राग काढला. खेळण्यातली पाणबुडी आणली, तिच्यावर मान आणि डोकं बसवलं, फोटो काढला आणि वजनदार नाव हवं म्हणून डॉक्टरांना पुढे केलं. हे सगळं १९९४ मध्ये उघडकीला आलं.

"म्हणजे खोटा," पोरगा म्हणाला.

"फोटो खोटा. राक्षस खोटा असं कुठे सिद्ध झालंय?" मी म्हटलं. "अलीकडे न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी त्या पाण्याचे नमुने तपासले. कुठल्या कुठल्या प्राण्याचा डीएनए पाण्यात उतरलाय ते बघितलं."

"काय निघालं?"

"प्रचंड प्रमाणात... वामेचा."

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "वाम? मासा?"

"तसलाच. गोड्या पाण्यातला."

"काका, एवढी वर्षं हे लोक वामेला घाबरले? माझी आई कालवण करते तिचं."

बायको एवढी हसली की गवार मांडीवरून खाली. आतल्या खोलीतून आई बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. बायकोने तिला सांगितलं. आईला नेसी कोण ते माहीत नाही, पण वामेचं कालवण माहीत आहे. ती त्या पोराला "तिरफळं घालता का रे?" असं विचारत समोरच बसली. माझ्या चॅनेलचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

मला त्या पोराचा राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण मी जी गोष्ट तासभर रंगवून ऐकली, ती त्याने एका वाक्यात संपवली. १९९५ मध्ये डिस्कव्हरी भारतात आलं आणि थोड्याच दिवसांत आमच्या चाळीत केबलची वायर गच्चीवरून खाली उतरली. म्हणजे मी तो फोटो बघून पहिल्यांदा शहारलो, तेव्हा त्याचं बिंग फुटून वर्ष उलटून गेलं होतं. आपल्याकडे सगळंच उशिरा येतं.

आणि काय थाट असायचा! आधी अंधार, मग धूर, मग खर्जातला आवाज. पुढे हिंदी डबिंग आलं तेव्हा तर बहार. स्कॉटलंडचा कोळी शुद्ध हिंदीत सांगायचा, "मैंने उसे अपनी आँखों से देखा है," आणि खालून त्याचं खरं इंग्रजी अर्धं वाक्य पुढे पळत असायचं. बुडणाऱ्या जहाजाचं एकच दृश्य दर पाच मिनिटांनी. बिगफूटची, म्हणजे अमेरिकेतल्या हिममानवाची, फिल्म बघा. १९६७, कॅलिफोर्निया, एक केसाळ आकृती ओढ्याकाठून चालत जाते आणि मध्येच मागे वळून बघते. सगळी मिळून मिनिटभरही नाही. तेवढ्यावर ते लोक तास काढायचे! पुढे, मागे, संथ, ठिपके वाढवून, चाल मोजून. आमच्याकडे ती आकृती मागे वळायच्या बेतात असायची आणि नेमकी लाइट जायची. मग चाळभर हाकारे. तिचं तोंड मला नीट बघायला मिळालं ते कितीतरी वर्षांनी, आणि तेव्हाही ते झिपऱ्यांचंच होतं.

शेवटी तो आवाज म्हणायचा, याचं उत्तर कदाचित आपल्याला कधीच मिळणार नाही. बाबा म्हणायचे, "मग तासभर काय सांगत होता?" हा प्रश्न मला तेव्हाही आवडला नव्हता.

पण त्या लोकांना स्वतःची लाज होती. लिओनार्ड निमॉय, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधला टोकदार कानांचा स्पॉक, १९७७ पासून 'इन सर्च ऑफ' सादर करायचा. त्याच्या सुरुवातीलाच सरळ सांगून टाकत की हे काही अंशी तर्क आणि अंदाज आहेत, आम्ही देतोय ती स्पष्टीकरणं शक्य आहेत, पण तेवढीच आहेत असं नव्हे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर सी. क्लार्कने तर श्रीलंकेतल्या आपल्या घराजवळ उभं राहून १९८० च्या मालिकेत गूढाचे तीन प्रकारच पाडले होते. पहिला, पूर्वी कळत नव्हतं, आता कळलं. दुसरा, अजून कळलेलं नाही, पण काय असावं याचे अंदाज आहेत. तिसरा, काहीच पत्ता लागत नाही. माझं केबलचं बिल तिसऱ्यात मोडतं.

आणि १९९५ म्हटलं की गणपतीच्या मूर्तीचं दूध पिणं आलंच. २१ सप्टेंबर. एकीकडे टीव्हीवर परग्रहवासी, दुसरीकडे आमच्या गल्लीतल्या देवळाबाहेर चमचे आणि वाट्या घेतलेली रांग. शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं, पृष्ठताण आहे, केशाकर्षण आहे, दूध सोंडेवरून खाली ओघळतंय. आजी म्हणाली, असेल, पण आजच का? या प्रश्नाला निमॉयनेही मान डोलावली असती. संध्याकाळी चहाला दूध नव्हतं.

आता बघा. फोन उघडला की लाल बाण, लाल गोल आणि 'नासाही चक्रावली'. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तर दोन दिवसांत माझ्या फोनवर परग्रहवासी, प्रलय आणि कल्की असं सगळं येऊन गेलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आहेत, रंग त्यांचा. तो व्हिडिओ कोणी पुढे पाठवला नाही. वेरूळचं कैलास लेणं माणसांनी कोरलंच नाही, वरून यानं आली आणि लेझरने कापलं, हे तर माझा सख्खा मेव्हणा छातीठोकपणे सांगतो. आठव्या शतकातल्या माणसांनी डोंगर वरून खाली फोडत आणला, भिंतींवर त्यांच्या छिन्नीच्या खुणा आजही दिसतात, आणि श्रेय कोणाला? दुसऱ्या ग्रहावरच्या कंत्राटदाराला! निमॉय निदान 'कदाचित' म्हणायचा. मेव्हण्याच्या तोंडात तो शब्दच नाही. असल्या लोकांबरोबर मला एकाच पोत्यात घालतात, याचा संताप येतो. मी गूढ कार्यक्रम बघतो म्हटलं की समोरचा एकतर हसतो, नाहीतर आनंदाने मला ग्रुपमध्ये घेतो.

विदर्भात २ एप्रिल २०२२ ला आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. खरोखर पडलं! एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते घडलं, आणि आपण काय केलं? कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. बरोबरच असणार. पण धूर नाही, खर्ज नाही, निदान एक संध्याकाळ तरी कोणी हळू आवाजात विचारायचं होतं.

असो. पोरगा तोवर आईशी वेंगुर्ल्याबद्दल बोलत होता. त्याचं गाव तिकडचं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून बर्म्युडा काढला. ५ डिसेंबर १९४५, अमेरिकी नौदलाची पाच विमानं, चौदा माणसं, होकायंत्र बंद. शोधायला गेलेलं विमानही तेरा माणसांसकट गेलं.

"होकायंत्र बंद आणि खाली समुद्र. मग पडणारच की," तो म्हणाला. "पुरावा काय आहे काका तुमच्याकडे, भुताटकी आहे म्हणून?"

"हिममानवाचा आहे," मी हट्टाला पेटलो. "१९५१ मध्ये एरिक शिप्टन या गिर्यारोहकाने हिमालयात पावलाच्या ठशाचा फोटो काढलाय."

"ठसा काय, कोणाचाही असतो. आमच्या वेतोबाचं बघा."

"कोणाचं?"

"आरवलीचा वेतोबा. लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. केवढाल्या, हात-हात लांब. रातचो गावाच्या राखणेक फिरता तो. सकाळी चपला झिजलेल्या असतात. तळव्याला." हे सांगताना त्याने कानातला इअरफोन काढून खिशात ठेवला होता.

मी सरसावून बसलो. टीव्ही बंद होता, बायको गप्प होती, आईने हात जोडले होते. गूढ कार्यक्रमाला लागतं ते सगळं घरात हजर होतं. मी खर्जात विचारलं, "तू स्वतः बघितलंस त्याला? कोणी चप्पल मापून बघितली? आधीचा फोटो, नंतरचा फोटो असं काही?"

"बघायचं नसतं काका. तो येत असेल तर वाट सोडायची."

"अरे, पण रात्री एखादा कॅमेरा लावून..."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "देवस्थान आहे ते. चॅनेल नाही."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला काही बोलायचा पाचपोच नाही." बायकोने त्या पोराला सरबत आणून दिलं. ते पिऊन त्याने रिमोटवर काहीतरी दाबलं. चॅनेल आलं. कुठल्याशा देशात कोणीतरी जुनी मोटारसायकल दुरुस्त करत होता.

"वेगळा पॅक टाकलाय," तो म्हणाला. "महिन्याला थोडे वाढतील. आणि पन्नास रुपये व्हिजिटचे."

मी पन्नासची नोट दिली आणि पावती मागितली.

"पावती कशाला काका," तो चपला घालता घालता म्हणाला, "विश्वास ठेवा की."