‘संगणक कधीच चुकत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डची उलटतपासणी

‘संगणकाची संपूर्ण ओळख, फक्त दहा मुद्द्यांत’ अशा मथळ्याचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. परीक्षेची तयारी करणारे तो जपून ठेवतात, नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याला कुणीतरी तो हमखास पाठवतं. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्याबद्दलचे चार मुद्दे ठीक आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. उरलेले सहा असे: टेबलाखालचा डबा म्हणजे सीपीयू, तोच संगणकाचा मेंदू. संगणक कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस. रॅम जितकी जास्त तितका वेग जास्त, आणि अधूनमधून रिफ्रेश केलं की रॅम मोकळी होते. ज्याचे गिगाहर्ट्‌झ जास्त तो प्रोसेसर वेगवान. संगणकाचा शोध चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ मध्ये लावला. रिसायकल बिनमधूनही काढलेली फाइल कायमची नष्ट होते.

या सहांपैकी बहुतेकांत खोट एकच आहे. भागांची नावं पाठ झाली आहेत, पण माहिती कोणत्या क्षणी कुठे असते आणि तिथून कुठे जाते, हे लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं दिसत नाही.

डब्यापासून सुरुवात करू. तो डबा म्हणजे कॅबिनेट. त्यात मदरबोर्ड असतो, रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीच्या, पट्ट्या असतात, फाइली साठवणारी डिस्क, पॉवर सप्लाय आणि पंखे असतात. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर) बसवलेली तळहाताहून लहान चिप. डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय लागली की पॉवर सप्लाय जळाला तरी ‘सीपीयू गेला’ असं म्हटलं जातं आणि दुरुस्तीची चर्चा तिथेच भरकटते. ‘मेंदू’ ही उपमाही फसवी आहे, कारण मेंदूत आठवणी असतात आणि प्रोसेसरमध्ये साठवणीला जागा जवळपास नसतेच. हाताशी काही मेगाबाइटची कॅश, म्हणजे लगेच लागणारी माहिती ठेवायची छोटी जागा असते, तेवढीच. एक सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची, पुढची आणायची: सेकंदाला अब्जावधी वेळा एवढंच चालतं. समोर आलेला ६५ हा आकडा कुणाचं वय आहे, फोटोतल्या एका ठिपक्याची उजळता आहे की इंग्रजीतलं पहिलं कॅपिटल अक्षर (संगणकात अक्षरंही आकड्यांनीच लिहितात), हे प्रोसेसरला ठाऊक नसतं. ते ठरवतो प्रोग्रॅम.

आता ‘कधीच चुकत नाही’. हे विधान मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण ते ऐकलेला माणूस स्क्रीनवरचा आकडा तपासायचं सोडून देतो.

बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची नेहमीच्या पद्धतीने बेरीज करून सगळे अंक छापायला सांगितले, तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. यंत्र बिघडलेलं नसतं. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना ०.३३३३ संपत नाही, तसाच शून्य आणि एक या दोनच अंकांत एक दशांश लिहायला गेलं की तो संपत नाही. जागा मर्यादित, म्हणून कुठेतरी तोडावा लागतो. त्या तोडलेल्या शेपटाची किंमत कधी फार मोठी असते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. ती वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती आणि तो एक दशांश २४ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या २४ जागांत, तोडून ठेवलेला होता. १०० तासांत घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने मागे पडलं. इराकचं येणारं स्कड क्षेपणास्त्र यंत्रणेने भलत्याच जागी शोधलं, ते तिला सापडलं नाही, आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले.

हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा दोष म्हणून सोडून दिला, तरी १९९४ मधलं इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरचं प्रकरण उरतं. तिथे चूक चिपमध्येच होती. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की उत्तर यायला हवं १.३३३८२…, पण येत होतं १.३३३७३…. चौथ्या दशांश स्थळालाच गडबड! गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या आकडेमोडीत ती उघड झाली आणि शेवटी इंटेलला चिपा बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण तक्ता माणसानेच केला होता ना?’ होय, केला होता. पण असं म्हणायचं तर जगातलं कुठलंच यंत्र कधी चुकत नाही आणि त्या वाक्यातून काहीच कळत नाही. शिवाय ज्यात कुणाचाच हात नाही अशाही चुका असतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे उडालेला एखादा कण रॅममधल्या एका बिटाचा शून्य पालटून एक करू शकतो. सर्व्हरमध्ये ईसीसी प्रकारची रॅम घालतात ती यासाठीच. तिच्या नेहमीच्या प्रकारात एक बिट पालटला तर तो दुरुस्त होतो आणि दोन पालटले तर निदान लक्षात येतं. जे कधीच चुकत नाही त्याच्यासाठी एवढा बंदोबस्त कुणी केला नसता.

रॅमबद्दलचं विधान अर्धं खरं आहे. रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कमधून, साधारण १०० मायक्रोसेकंद, आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून साधारण १० मिलिसेकंद. हे आकडे एकसारखेच इवलेसे वाटतात, म्हणून ताणून पाहू. रॅमची वाट बघणं एक सेकंदाचं धरलं, तर एसएसडीची वाट सतराएक मिनिटं बघावी लागते आणि हार्ड डिस्कची एक दिवसाहून जास्त. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोजसारखी) त्यातली माहिती डिस्कवर हलवते आणि लागेल तशी परत आणते. कॉम्प्युटर ‘हँग’ होतो तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं. अशा वेळी रॅम वाढवली तर फरक डोळ्यांना दिसतो. पण जी आधीच पुरेशी आहे ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, कारण गणित करणारा प्रोसेसर तोच असतो. जुन्या कॉम्प्युटरात हार्ड डिस्क असेल आणि रॅम कामापुरती असेल, तर मी आधी एसएसडी बसवायला सांगेन.

आणि ते रिफ्रेश! डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्यांनी रागावू नये, पण त्याने फक्त पडद्यावरचे आयकॉन पुन्हा वाचून मांडले जातात. रॅमला खरोखरचं रिफ्रेश लागतं, ही त्यातली गंमत. तिच्यातला प्रत्येक बिट सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार गळत राहतो. म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. हे काम मेमरी कंट्रोलर आपल्याला न विचारता करत असतो. ‘रॅम मोकळी’ करणं हेही मुळात ध्येय नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी रॅम डिस्कवरच्या फाइलींच्या प्रती ठेवायला वापरते, ते फायद्याचंच असतं.

गिगाहर्ट्‌झचा मुद्दा झटकन संपतो. हा आकडा म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते. पेंटियम ४ मालिका ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत गेली होती. २००६ मध्ये आलेले कोअर २ ड्युओ प्रोसेसर त्याहून कमी गिगाहर्ट्‌झचे असूनही तिच्यापेक्षा वेगवान ठरले. सेकंदाला ठोके किती पडतात याबरोबर एका ठोक्यात किती काम उरकतं तेही बघावं लागतं. एकाच मालिकेतल्या दोन चिपांची तुलना असेल तर हा आकडा जरूर बघा.

बॅबेज यांना कमी लेखायचं नाही, पण १८२२ मध्ये त्यांनी मांडलं ते डिफरन्स इंजिन, म्हणजे ठरावीक प्रकारचे गणिती तक्ते काढणारं यंत्र, आणि तेही त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही. आजच्या संगणकाशी खरं नातं आहे ते १८३० च्या दशकात त्यांनी आखलेल्या ॲनॅलिटिकल इंजिनचं. त्यात आकडे साठवायची जागा आणि त्यांवर क्रिया करायची जागा वेगवेगळी होती. हा आराखडाही कागदावरच राहिला. पुढे जर्मनीतल्या कोनराड झूझ यांचं झेड३ हे यंत्र (१९४१) आलं, मग अमेरिकेतलं एनिॲक (१९४५) आलं, ज्याचं काम बदलायला सुरुवातीला तारा आणि स्विच नव्याने जुळवावे लागत. प्रोग्रॅमही आकड्यांसारखाच इलेक्ट्रॉनिक मेमरीत ठेवून पहिल्यांदा चालवला गेला तो २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरमध्ये. आज ॲप उघडताना ते डिस्कवरून रॅममध्ये येतं, ते त्याच रचनेमुळे. यातला ‘शोध’ कुठल्या एका वर्षाच्या नावावर टाकायचा?

राहिली डिलीट केलेली फाइल. हार्ड डिस्कवर फाइल पुसली की सहसा फक्त तिची नोंद जाते आणि ‘ही जागा वापरायला मोकळी’ अशी खूण होते. मजकूर जागच्या जागी असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून चुकून फोटो उडाले तर त्या डिस्कवर लिहिणं ताबडतोब थांबवावं आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरही दुसऱ्या डिस्कवरून चालवावं. एसएसडीत मामला वेगळा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम ‘ट्रिम’ नावाची सूचना देऊन मोकळ्या जागा कळवते आणि एसएसडी सवडीने त्या खरोखर पुसते, त्यामुळे गेलेलं परत मिळण्याची शक्यता कमी. उलट, मुद्दाम वर लिहून एखादी फाइल नष्ट करायची म्हटलं तर तीही खात्री नाही, कारण झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडी नवा मजकूर भलत्याच जागी लिहिते. तेव्हा कॉम्प्युटर विकण्यापूर्वी हार्ड डिस्क असेल तर ती सगळी एकदा वरून लिहून काढा. एसएसडी असेल तर उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधली सिक्युअर इरेजची, म्हणजे सगळं खरोखर पुसून टाकायची, सोय वापरा, आणि नवी घेतलीत तर पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवायची सोय, चालू करा.