‘दहा कोटी मधुमेही’ ही थाप आहे का?

‘दहा कोटी मधुमेही ही निव्वळ थाप. १९९७ साली उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली, कंपन्यांना गिऱ्हाईक मिळालं. एक जण दहा कोटी सांगतो, दुसरा एकवीस. शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला शुगर होत नाही. तपासूच नका.’ असा मजकूर सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय.

मर्यादा खाली आली, हे खरं. पण ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर २०० किंवा जास्त असली तर मधुमेह, ही दुसरी मर्यादा आधीपासूनच होती. तिला कुणी हात लावला नाही. तिच्यात सापडणारे कितीतरी जण उपाशीपोटी १४० च्या आत असत. म्हणजे एक तपासणी त्याच माणसाला रोगी म्हणे, दुसरी निरोगी. हा घोळ मिटवायला आणि मधुमेहाने होणारे डोळ्यांच्या पडद्याचे बिघाड किती साखरेपासून वाढतात हे पाहून १२६ ठरलं.

दहा कोटींचा आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशभरातल्या पाहणीचा. २००८ ते २०२० दरम्यान विशीपुढच्या १ लाख १३ हजार लोकांना तपासलं, ११.४ टक्के मधुमेही निघाले. मोजपट्टी सगळीकडे एकच, तरी गोव्यात २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८. आकडे फुगवायचेच होते, तर उत्तर प्रदेशासारखी मोठी बाजारपेठ कुणी सोडली असती का?

एकवीस कोटींबद्दल मात्र शंका रास्त आहे. २०२४ च्या त्या जागतिक अंदाजात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा जास्त असलेलेही मोजले होते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर हा आकडा साखर न वाढताही चढू शकतो, आणि आपल्याकडे अशा बायका किती आहेत हे सांगायला नको. मला दहा कोटीच जास्त भरवशाचे वाटतात. पण ते काय थोडे आहेत?

राहिला राबणारा सडपातळ माणूस. गावांत ८.९ टक्के, शहरांत १६.४, कमी आहे, शून्य नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ होता. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्याच्या अंगातही मधुमेहाला पोसणारी चरबी असू शकते.

‘तपासूच नका’ हे तर सगळ्यात वाईट. इंडियाबच्याच २०१७ च्या अहवालात सधन राज्यांतल्या शहरांत श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्ये मधुमेह जास्त निघाला. म्हणजे न तपासण्याचा फटका त्यांनाच. साखरेची तपासणी महाराष्ट्रात सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते.