‘पोरांच्या नोकऱ्या घालवू नका’ म्हणणाऱ्या खानापूरच्या काकांना

काका, नमस्कार.

शारजातल्या चार वर्षांत मी मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळ्या कशा सांभाळल्या, हे मागच्या लेखात लिहिलं होतं आणि शेवटी ‘आजार लपवू नका’ असं सांगितलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘तुम्ही परत आलात, बेळगावला उद्यमबागेत कामाला लागलात, तुम्हाला सांगायला काय जातंय. माझा मुलगा येत्या दोन महिन्यांत दुबईला चाललाय. टेन्शनची एक आणि झोपेची अर्धी, अशा गोळ्या वर्षभर घेतोय. एजंटला कळलं तर भरलेले सव्वा लाख बुडाले. गोळ्या संपल्या की गावाकडून जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून मी पाठवीन. असलं लिहून पोरांच्या नोकऱ्या घालवू नका.’ आणि खाली, ‘इतक्या वर्षांत सुटल्या नाहीत म्हणजे त्या औषधातच खोट आहे.’

तुमची प्रतिक्रिया मी चारदा वाचली. एजंटबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ‘लपवू नका’ हे दोन शब्द मी सरसकट लिहायला नको होते. (कायद्याने एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. सव्वा लाख कशाचे, हे त्याला एकदा विचारा आणि पावती मागा.) एजंटला, फोरमनला, कॅम्पमधल्या बारा जणांना सांगायची गरज नाही. मीही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की ‘ह्याला धारवाडला न्या’ म्हणून हसतात. मला खरोखरच धारवाडला नेलं होतं. चोविसाव्या वर्षी, आईबरोबर, पहाटेच्या बसने. 1845 पासून चालत आलेलं ते मनोरुग्णांचं इस्पितळ, आता डिमहान्स. तिथे मी माणसात आलो, पण गल्लीत अजूनही काहींना वाटतं की आम्ही तेव्हा नातेवाइकांकडे गेलो होतो. त्यामुळे लपवण्यामागची भीती मला पुस्तकातून शिकायला लागली नाही.

पण मी काय केलं ते ऐका, कारण मागच्या लेखात ते लिहायचा धीर झाला नव्हता.

निघताना मी सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून सोडवल्या आणि व्हिटॅमिनच्या जुन्या बाटलीत भरल्या. डॉक्टरांची चिठ्ठी घरीच ठेवली. खोलीत सगळ्यांना सांगितलं, शक्तीच्या गोळ्या आहेत. पहिला उन्हाळा आला. तिकडे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, आणि आमच्याकडे तो पाळायचेही. पण सकाळी दहाला पाइपला हात लावता येत नव्हता. शर्ट पिळून वाळत घालायचो. त्यात पाठ धरली. शेजारच्या खाटेवरच्याने दुखण्याची गोळी दिली, आयबुप्रोफेन. पाच दिवस दिवसातून तीन घेतल्या.

लिथियमची गंमत नाही काका. रक्तात ते साधारण 0.6 ते 1.0 एवढंच असावं लागतं, दीडच्या पुढे विषासारखं चढू लागतं. घामाबरोबर मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या ते बाहेर पडण्यात आणखी अडथळा आणतात. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच आठवड्यात झालं. हात कापायला लागले, उलट्या, जुलाब, चालताना झोकांड्या. फोरमनला वाटलं, प्यायलाय. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मला बोलता येत नव्हतं. निपाणीचा माझा खोलीतला मित्र अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘ह्यो दारू पीत नाही साहेब. फक्त शक्तीच्या गोळ्या खातोय.’

त्या उत्तरात जवळजवळ एक अख्खा दिवस गेला. घरी फोन लागला, आईने नाव सांगितलं, तेव्हा तपासणी झाली. आकडा 2.1 होता. सलाइनवर पाच दिवस काढले. मूत्रपिंड वाचलं.

म्हणून आता दुरुस्त करून लिहितो : माणसांपासून लपवायचं तर खुशाल लपवा, पण कागदावर खरं असू द्या. आणि खोलीतल्या एका, फक्त एका भरवशाच्या माणसाला औषधाचं नाव माहीत असू द्या.

आता तुमच्या मुलाचं. टेन्शनची म्हणजे बहुधा एस्सिटालोप्राम आणि झोपेची अर्धी म्हणजे क्लोनाझेपाम असणार, पण चिठ्ठीवर बघून घ्या. या दोन गोळ्या एका तराजूत तोलू नका. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही तिकडे नियंत्रित औषधं आहेत. ती सोबत न्यायची तर अमिराती सरकारचा ऑनलाइन परवाना आधी काढावा लागतो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, तेही त्याच यादीत. आपल्या खडेबाजारात सहज मिळणारी वस्तू तिकडच्या विमानतळावर पोलीस केस होऊ शकते.

म्हणूनच दुसऱ्याच्या बॅगेतून गोळ्या पाठवायचा विचार कृपा करून सोडा. चिठ्ठी तुमच्या मुलाच्या नावाची आणि गोळ्या शेजारच्या गावच्या पोराच्या बॅगेत! पकडला तर तो पकडला जाईल. त्याच्या घरी काय तोंड दाखवणार आपण?

आणि ‘तिकडे गेल्यावर सोडून देईल’ असंही मनात असेल, तर तेही नको. क्लोनाझेपाम एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. एस्सिटालोप्राम एकदम तोडलं तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, झोप उडणं, चिडचिड. नव्या देशात, नव्या खोलीत, पहिल्याच पंधरवड्यात हे सुरू झालं तर पोरगा म्हणेल मला इथलं सोसेना, आणि परत येईल.

माझ्या गोळ्या का सुटल्या नाहीत, याचं उत्तर एवढंच : एकदा स्वतःच्या मनाने सोडल्या होत्या. तीन महिन्यांत पुन्हा धारवाडची बस धरावी लागली. मधुमेहवाल्याला आपण हे विचारत नाही.

करायचं काय? तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट विचारा की झोपेची गोळी हळूहळू कमी करून जाण्याआधी थांबवता येईल का. येत असेल तर त्या गोळीच्या परवान्याचा प्रश्नच राहणार नाही. येत नसेल तर परवाना काढा. चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली, औषधाचं मूळ नाव, डोस, सही-शिक्का असलेली घ्या, कारण आपल्या ब्रँडची नावं तिकडच्या फार्मसीत कुणी ओळखत नाही. गोळ्या स्ट्रिपमध्येच, हातातल्या बॅगेत. कंपनीच्या विम्यात मानसोपचाराचा खर्च बसतो का, हे जाण्याआधी विचारता येतं, आजाराचं नाव न सांगताही.

तुम्हाला स्वतःला घोर लागला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. घरच्यांनीही फोन केला तर चालतो. माझी आई तेव्हा रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या आठला, फोन करून एकच विचारायची, ‘गोळी खाऊलास न्हवं?’ चार वर्षं. एकही दिवस चुकवला नाही तिने.

विमानाची तारीख नक्की कधीची आहे, ते लगेच कळवा. झोपेची गोळी कमी करायला आठवडे लागतात, घाईत होत नाही. मंगळवारी मला सुट्टी असते. तुमची तयारी असेल तर मुलाला घेऊन बेळगाव स्टँडवर या, धारवाडपर्यंत मी बरोबर येतो.