‘पोट आत, पाठ ताठ’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. पण ‘बायकांना घाबरवून फिजिओंचा धंदा चालतो’ हे मला उद्देशून लिहिताना जरा तरी विचार करायचात. लेख लांबला होता, हे मान्य. पण लांबलेला लेख म्हणजे खोटा लेख नव्हे.

तुम्ही म्हणता, ‘पोट आत ओढून ताठ बसलं की खालचे स्नायू आपोआप मजबूत होतात.’ वाचता वाचता आत्ताच बसून बघा. बेंबीच्या वर आवळलं जातं, बरगड्या वर येतात, श्वास छातीत अडकतो. पोटाच्या पोकळीला वर श्वासपटल, पुढून आणि बाजूंनी आडवा पोटस्नायू, मागे मणक्यालगतचे छोटे स्नायू आणि तळाला पेल्विक फ्लोअर, म्हणजे पुढच्या जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत ताणलेले स्नायू. टूथपेस्टची ट्यूब मधेच दाबली की काय होतं? दाब खाली तळावर जातो.

श्वास घेताना श्वासपटल खाली येतं, तळही किंचित उतरतो. सोडताना दोन्ही वर जातात. दिवसभर पोट आवळून ठेवलं की ही ये-जाच मंदावते. सतत आवळलेला स्नायू ताकदवान नसतो, ऐन शिंकेच्या वेळी त्याच्यात आणखी आवळायला काही उरलेलं नसतं. लघवी गळते, मग ‘सैल झालंय’ समजून आणखी केगल, म्हणजे तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, सुरू. त्यातून ओटीपोटात दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, बद्धकोष्ठ. माझ्यापुढे अशा बायका येतात म्हणून लिहिते, कुठल्या फॉरवर्डवरून नाही.

पोक काढून बसलं की तळाचे स्नायू कमी काम करतात आणि न टेकता सरळ बसलं की जास्त, हे मोजून दिसलेलं आहे. तेवढं तुमचं बरोबर. पण सरळ म्हणजे परेडला उभं राहिल्यासारखं नाही. ढुंगणाच्या दोन्ही हाडांवर सारखं वजन, बरगड्या कमरेच्या बरोबर वर, पोट सैल. श्वास सोडताना शू आणि वारा दोन्ही अडवल्यासारखं आत-वर ओढा, 6 ते 8 सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सोडा. असं 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. कुल्ले किंवा मांड्या आवळल्या, श्वास रोखला, तर चुकलं. शू करता करता मधेच थांबवून सराव करू नये. शिंक, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं. सिलिंडर सरकवताना, पोर उचलताना श्वास सोडायचा.

‘आज्यांना कुठे केगल लागले?’ अमेरिकी डॉक्टर केगल यांनी हे व्यायाम मांडले 1948च्या सुमारास. आज्यांचं अंग बाहेर यायचं ते त्याच्या कितीतरी आधीपासून. कापडाची घडी लावून त्या कामाला लागत आणि तुमच्यासारख्यांना काही सांगत नसत, इतकंच. योगाबद्दलचे तुमचे बाकीचे प्रश्न हे प्रश्न नव्हतेच, टोमणे होते. सोडून देते.

एकच राहिलं. बायकोला बाळंतपणानंतर क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे व्यायाम, करायला लावले, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. ती डोकं उचलते तेव्हा पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो का, बघा. येत असेल तर क्रंचेस आजच बंद करा आणि तिला तपासून घ्या.