पंचवीस डिसेंबरचं कुलूप

महाराष्ट्रात दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतात, असं सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. दारूची दुकानं, बार वगैरे सोडून ही मुभा २०१७ च्या कायद्यातच होती. तरी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या खुलाशापासून दोन तट पडलेत. पुण्यातला चुलतभाऊ खूश, धंदा वाढेल म्हणतो. ठाण्याच्या मावशीचं म्हणणं असं, की कोथिंबीर दहा मिनिटांत आली नाही म्हणून डिलिव्हरीच्या पोरावर खेकसणारे लोक आता रात्री तीन वाजताही खेकसतील. मग कुणीतरी हमखास लिहितं, "तिकडे बघा, लोक रांगेत किती शांत उभे असतात. आपल्याकडे धीरच नाही."

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहते. असं लिहिणाऱ्यांनी २३ डिसेंबरच्या संध्याकाळी इथल्या एखाद्या मोठ्या सुपरमार्केटात येऊन बघावं. नाताळच्या जेवणातला टर्की पक्षी संपलेला, क्रॅनबेरी सॉसच्या फळीवर दोन बाटल्या उरलेल्या, ट्रॉलीला ट्रॉली अडलेली. आपलं बिल आपणच करायच्या सेल्फ-चेकआउट यंत्रांवर लाल दिवे लागलेत आणि त्या सगळ्यांना पुरी पडायला एकच मुलगी. टोपलीत वाइनची बाटली असली की यंत्र थांबतं. गिऱ्हाइकाचं वय बघून तिनं मंजुरी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पंचविशीच्या आतला वाटला तर ओळखपत्र मागायचं, असा बहुतेक दुकानांचा नियम. तो तिनं केलेला नाही, पण बोलणी तिलाच खावी लागतात. रांग मोडत नाही हे खरं. जिभेचं काही सांगता येत नाही.

हे माझं एकटीचं निरीक्षण नव्हे. दुकानातल्या कर्मचाऱ्यांवर हात उगारणं, त्यांना धमकावणं यासाठी स्कॉटलंडला २०२१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. कर्मचारी वयाचा नियम पाळायला लावत असताना असं घडलं, तर गुन्हा अधिक गंभीर धरतात. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत आलेल्या एका विधेयकातही अशा हल्ल्यांसाठी स्वतंत्र गुन्ह्याची तरतूद होती. इतक्या शांत लोकांना एवढे कायदे कशाला लागले असते?

तरीही २५ तारखेला सगळं खरोखर निवतं, आणि माझ्या मते त्यात स्वभावाचा भाग थोडाच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडायला २००४ च्या कायद्यानं बंदी आहे. काही अपवाद सोडले तर रेल्वे धावत नाही, लंडनची ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वेही नाही. काही मिळणारच नाही हे आधीपासून ठाऊक असलं, की चिडायचं कुणावर? लोक आदल्या दिवशीच भरून ठेवतात आणि काही विसरलं तर शेजाऱ्यांकडे मागतात. किंवा कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जातात, कारण त्याला ही बंदी नाही. असं दुकान बऱ्याचदा एखाद्या गुजराती किंवा पंजाबी कुटुंबाचं असतं. इंग्रजांच्या नाताळच्या शांततेत पटेलांच्या गल्ल्याचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही!

अर्थात हे सुख एका दिवसाचं. २६ ला सेल लागतात, नको असलेल्या भेटवस्तू परत करायला लोक येतात आणि काउंटरमागच्या माणसांना पुन्हा सगळं ऐकून घ्यावं लागतं.

घरच्या वादात मला हेच खटकतं. दोन्ही बाजू गिऱ्हाइकाच्या संस्कारांवर बोलतात. २०२५ च्या २५ आणि ३१ डिसेंबरला भारतात डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हाही ग्रुपवर "आपण त्यांच्याशी नीट बोललं पाहिजे" असे संदेश फिरले. जरूर बोलावं. पण दहा मिनिटांचा वायदा कंपनीनं केलेला आणि उशिराच्या शिव्या पोराला, अशी रचना असेल तर नीट बोलणारा माणूसही पाचव्या वेळी चिडतो. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारनं कंपन्यांना दहा मिनिटांची जाहिरात सोडायला सांगितलं, ते मला संस्कारांच्या शंभर संदेशांपेक्षा उपयोगाचं वाटलं.

महाराष्ट्रातल्या कायद्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी आहे. चांगलंच आहे. पण ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. नवऱ्याची मंगळवारी, बायकोची गुरुवारी, मुलांची रविवारी. घर एकत्र जेवणार कधी? चोवीस तास दुकानांना माझा विरोध नाही, रात्रपाळी करून दमलेल्या नर्सला पहाटे दूध मिळायलाच हवं. फक्त वर्षातून एक दिवस मोठी दुकानं, मॉल आणि ॲपवरची डिलिव्हरी कायद्यानं बंद असावी. औषधं आणि गल्लीतला किराणा चालू राहू दे.

दिवस मी सुचवते: भाऊबीज. लक्ष्मीपूजनाला व्यापारी ऐकणार नाहीत आणि पाडवा तर खरेदीचाच. भाऊबीजेला मात्र कितीतरी भाऊ दुसऱ्यांची पार्सलं घेऊन जिने चढत असतात. चुलतभावानं लगेच विचारलं, त्या दिवसाच्या विक्रीचं काय? मी म्हटलं, पाडव्याला दुप्पट होईल. इथे २४ डिसेंबरला ट्रॉल्या कशा ओसंडून वाहतात, त्याचा फोटो पाठवते.